ट्योर्बेल: पाचशे वर्षं आपलं गायरान राखणारं आल्प्समधलं एक गाव

पाणवठा

स्वित्झर्लंडमधल्या व्हिस्पहून झरमॅटला जाणारी छोटी गाडी पकडली की थोड्याच वेळात स्टाल्डन येतं. सासच्या खोऱ्यातून आणि झरमॅटकडून येणाऱ्या दोन नद्यांचा इथे संगम होतो. गाडीतल्या सगळ्यांना मॅटरहॉर्न शिखराची ओढ असते, त्यामुळे उजव्या हाताच्या चढणीकडे फारसं कुणी बघत नाही. त्या चढणीवर, स्टाल्डनपेक्षा सुमारे ७०० मीटर उंचावर, ट्योर्बेल नावाचं गाव आहे. उंची साधारण १५०० मीटर, वस्ती पाचशेच्या आसपास. सहलींच्या यादीत त्याचं नाव सापडणार नाही. पण सामायिक जमीन माणसं टिकवू शकतात का, या प्रश्नावर जगात जो वाद झाला, त्यात या गावाची साक्ष फार मोलाची ठरली. म्हणून हा धागा.

आधी भूगोल, कारण इथला इतिहास भूगोलातूनच उगवलेला आहे. ट्योर्बेल वालिस या कँटनमध्ये (स्विस प्रांतात) येतं. मधोमध रोन नदीचं लांबलचक खोरं, उत्तरेला बर्नीज आल्प्स, दक्षिणेला पेनाइन आल्प्स, दोन्हीकडे चार हजार मीटरची शिखरं. ढग कुठूनही आले तरी डोंगरापलीकडेच रिकामे होतात. त्यामुळे व्हिस्प-स्टाल्डनचा पट्टा स्वित्झर्लंडमधल्या सर्वात कोरड्या भागांपैकी एक आहे. वर्षाला ५०० ते ६०० मिलिमीटर पाऊस, म्हणजे आपल्या माणदेशाच्या जवळपास. हिरवं स्वित्झर्लंड डोक्यात ठेवून इथे आलेला माणूस खालच्या उतारावरचं पिवळं गवत पाहून चक्रावतो.

गावाची हद्द उभी आहे. सर्वात खाली, स्टाल्डनच्या अंगाला, द्राक्षवेली. त्यावर राय (गव्हासारखं एक धान्य) आणि बटाट्याची वावरं, मग गाव, गावाभोवती वैरणीची राखीव कुरणं, त्यावर लार्च आणि स्प्रूसचं जंगल. जंगल संपलं की २००० मीटरच्या पुढे मूसआल्प आणि आजूबाजूची उन्हाळी चराई, आणि शेवटी जवळपास ३००० मीटरपर्यंत नुसता खडक. एका कुटुंबाला जगायचं तर यातल्या प्रत्येक थरात त्याचं काही ना काही असावं लागे. वारसा मुला-मुलींत सारखा वाटला जाई, त्यामुळे तुकडे होत होत एकेका घराची जमीन सगळ्या डोंगरभर विखुरलेली. घरसुद्धा वाटलं जाई: तळमजला एका भावाचा, वरचा मजला बहिणीचा. वर्षभर माणसं आणि गुरं या थरांमधून खाली-वर करत राहत.

आता मुख्य गोष्ट. द्राक्षमळे, धान्याची शेतं, बागा आणि वैरणीची कुरणं खाजगी होती. उन्हाळी चराई, जंगल, पडीक जमीन, पाण्याचे पाट आणि वाटा सामायिक होत्या. हे गावकऱ्यांनी भाबडेपणाने केलेलं नाही. रॉबर्ट नेटिंग या अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात इथे राहून अभ्यास केला. त्याने दाखवून दिलं की जिथे थोड्या जागेत, अंगमेहनतीने, खात्रीचं उत्पन्न निघतं ती जमीन लोकांनी स्वतःकडे ठेवली. जिथे उत्पन्न विरळ आणि बेभरवशाचं, या वर्षी एका बाजूला चांगलं तर पुढच्या वर्षी दुसऱ्या, आणि कुंपण घालणं परवडत नाही, ती जमीन त्यांनी एकत्र ठेवली. एकाच माणसाच्या मालकीची दोन्ही प्रकारची जमीन होती आणि त्याला दोन्हींतलं अंतर कळत होतं.

ट्योर्बेलच्या जमिनींचे लेखी उल्लेख १२२४ पासूनचे मिळतात. पण सर्वात महत्त्वाचा दस्त १४८३ सालच्या १ फेब्रुवारीचा. लॅटिनमधला. गावातल्या २२ जणांनी मिळून चराई, जंगल आणि पडीक जमिनीच्या वापरासाठी एक संघ स्थापन केला. बाहेरच्याने गावात जमीन विकत घेतली तरी त्याला चराईचा किंवा झाडं तोडण्याचा हक्क आपोआप मिळणार नाही, असं त्यात स्पष्ट लिहिलंय. नवा माणूस आत घ्यायचा की नाही हे गाव ठरवणार.

आणि मग १५१७ चा नियम, ज्याच्यासाठी मी हे सगळं लिहायला बसलो: कुणीही हिवाळाभर पोसू शकेल त्यापेक्षा जास्त गाई उन्हाळ्यात चराईवर पाठवू नयेत.

हा नियम नीट डोळ्यासमोर आणा. इथे गाई साधारण जूनमध्ये वर जातात आणि सप्टेंबरमध्ये उतरतात. उरलेला बराच काळ त्या गोठ्यात, साठवलेल्या वैरणीवर. वैरण येते स्वतःच्या खाजगी कुरणातून. म्हणजे सामायिक चराईवर कुणी किती भार टाकायचा, हे त्याच्या खाजगी जमिनीने ठरवून टाकलं. वसंतात गुरं विकत घ्यायची, फुकटात गावाच्या चराईवर पुष्ट करायची आणि शरदात विकून टाकायची, हा धंदा एका वाक्यात बंद झाला. डोंगरावर गवत किती उगवलं हे मोजत बसायची गरज नाही. कुणाच्या कोठारात किती वैरण आहे आणि गोठ्यात किती जनावरं बांधलीत, हे शेजाऱ्यांना दिसतंच. देखरेखीचा खर्च जवळपास शून्य. मला हा नियम मानवी बुद्धीच्या थोर नमुन्यांपैकी एक वाटतो, आणि तो कुण्या राजाने किंवा पंडिताने नव्हे, तर गुराख्यांनी केला.

दंड वसूल करण्याचं काम गावाने निवडलेल्या अधिकाऱ्याकडे, त्याला घेवाल्टहाबर म्हणत. वसूल झालेल्या दंडातला अर्धा त्याचा स्वतःचा. त्यामुळे तो डोळे उघडे ठेवून फिरे.

रानवाट

फार छान धागा. एक शंका. वैरण बाहेरून विकत आणून गाई वाढवता येत नसत का? श्रीमंत माणसाने तसं केलं तर नियमाचं काय?

पाणवठा

रानवाट, वैरण हे अतिशय अवजड आणि स्वस्त ओझं आहे. या गावात मोटाररस्ता यायच्या आधी गवताचे भारे माणसं पाठीवर नाहीतर खेचरांवर वाहून न्यायची. खालच्या खोऱ्यातून ७०० मीटर चढवून वैरण आणायची तर गाईच्या दुधातून तो खर्च निघत नाही. उंचीच गावाचा राखणदार होती. शिवाय श्रीमंत-गरीब फरक होताच, तो या नियमाने पुसला नाही. ज्याची कुरणं जास्त, त्याच्या गाई जास्त. नियमाने एवढंच केलं की तो फरक सामायिक जमिनीच्या जिवावर वाढू दिला नाही.

मेघमल्हार

पाण्याबद्दल तुम्ही थोडक्यात आटोपलंत, म्हणून मी भर घालतो, कारण वालिसचं खरं वैभव माझ्या मते तिथे आहे.

इतक्या कमी पावसात वैरणीची कुरणं पिकतात ती हिमनद्यांच्या आणि बर्फाच्या पाण्यावर. उन्हाळा जितका कडक, तितकं वितळण जास्त. नेमकी गरज असते तेव्हाच पाणी येतं. ते उतारावर आणायला मध्ययुगापासून पाट खोदलेत. जर्मन बोलणाऱ्या वरच्या वालिसमध्ये त्यांना झुओनेन म्हणतात, फ्रेंच भागात बीस. काही पाट मातीतून जातात, तर काही सरळ उभ्या कड्याला लाकडी पन्हळी टांगून नेलेत. त्या पन्हळी बदलताना माणसं दोरावर लोंबकळत काम करायची, आणि त्यात जीवही जायचे.

एक गोष्ट मला कायम चकित करते. लांबच्या पाटावर पाण्याच्या जोरावर फिरणारं एक लहान चाक बसवलेलं असे. चाक फिरलं की एक लाकडी हातोडी फळीवर आपटत राही. टक, टक, टक, रात्रंदिवस. रखवालदार आपल्या झोपडीत निजलेला असला तरी तो आवाज त्याच्या कानावर असे. आवाज थांबला की वर कुठेतरी दरड आलीय किंवा पाट फुटलाय. मग कंदील घेऊन लगेच निघायचं, कारण फुटलेल्या पाटाचं पाणी खालचा उतारच घेऊन येऊ शकतं.

पाण्याच्या पाळ्या लाकडी पट्ट्यांवर कोरून ठेवत, त्यांना टेसेल म्हणत. प्रत्येक घराचं स्वतःचं चिन्ह: एक आडवी रेघ, एक फुली, दोन खाचा. अक्षरओळख नसलेल्या माणसालाही आपला हक्क हाताने चाचपून बघता येई. २०२३ मध्ये युनेस्कोने युरोपातल्या सात देशांच्या या पारंपरिक सिंचनाला अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं, त्यात स्वित्झर्लंड आहे.

खानदेशी

मेघमल्हार, तुमचा प्रतिसाद वाचताना सारखी आमची फड पद्धत आठवत होती. पांझरा, मोसम, आरम या नद्यांवर छोटे बंधारे घालून, त्यांतून पाट काढून गावंच्या गावं पिकायची, आणि कारभार सगळा शेतकऱ्यांच्या पंचांकडे. लाभक्षेत्राचे फड पाडलेले. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, पुढच्या वर्षी फेरपालट. पाणी देणार पाटकरी. शेतकऱ्याने स्वतः दार उघडायचं नाही. पिकाची राखण जागल्याकडे. शेकडो वर्षं हे चाललं. पुढे नद्यांवर वरच्या बाजूला धरणं झाली, विहिरी आणि मोटारी आल्या, ज्याचा त्याचा ऊस ज्याच्या त्याच्या विहिरीवर आला, आणि बऱ्याच बंधाऱ्यांवरचे फड मोडले.

म्हणून विचारतो: ट्योर्बेलचं का टिकलं? पाणी तिथेही तेच, माणसंही माणसंच.

पाणवठा

खानदेशी दादा, हा प्रश्न मला सर्वात महत्त्वाचा वाटतो. माझ्या मते पहिलं कारण म्हणजे गावाचा अधिकार वरच्या सत्तेने काढून घेतला नाही. वालिस शतकानुशतकं छोट्या स्वायत्त गटांचा प्रदेश होता. तो स्विस संघराज्यात १८१५ मध्ये आला, आणि तिथेही गावाच्या सामायिक मालमत्तेला कायद्याने मान्यता राहिली. फडाच्या पंचांचा अधिकार मात्र रूढीवर उभा होता. नदीचं पाणी वर अडवलं जाताना त्यांना विचारलं गेलं नाही.

एलिनॉर ऑस्ट्रॉम या अमेरिकी राज्यशास्त्रज्ञ. त्यांनी १९९० मध्ये जगभरच्या टिकाऊ सामायिक व्यवस्थांची तुलना केली, त्यात ट्योर्बेल अगदी पुढे आहे, नेटिंगच्या अभ्यासाच्या आधारे. सोबत जपानमधली डोंगरी गावं आणि स्पेनमधल्या व्हॅलेन्सियाचे पाट. त्यांनी काढलेल्या तत्त्वांपैकी एक हेच आहे: लोकांनी स्वतः नियम करण्याच्या हक्कात बाहेरच्या सत्तेने ढवळाढवळ करू नये. २००९ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, तो मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. २०११ च्या जानेवारीत हैदराबादला सामायिक संसाधनांवरची आंतरराष्ट्रीय परिषद भरली, तेव्हा त्या तिथे आल्या होत्या.

अर्थबोध

संदर्भासाठी: १९६८ मध्ये गॅरेट हार्डिन या अमेरिकी पर्यावरणशास्त्रज्ञाने मांडलं होतं की सगळ्यांसाठी खुल्या कुरणावर प्रत्येक गुराखी एकेक जनावर वाढवत जाणार आणि कुरणाचा नाश अटळ. उपाय दोनच, खाजगीकरण किंवा सरकारी ताबा. जगभरच्या धोरणांवर या विचाराचा प्रचंड परिणाम झाला. ट्योर्बेलचा दस्त हार्डिनच्या लेखापेक्षा जवळपास पाचशे वर्षं जुना! १९९० च्या दशकात हार्डिनने स्वतःच म्हटलं की आपण 'व्यवस्थापन नसलेल्या' सामायिक जमिनीबद्दल बोलायला हवं होतं. तो शब्द पहिल्यापासून असता तर किती गावांची गायरानं वाचली असती, हा विचार मनातून जात नाही.

सई_क

सगळं वाचलं, आवडलं. पण मला दुसरी बाजू खटकते. १४८३ चा दस्त म्हणजे बाहेरच्यांना दार बंद. बावीस कुटुंबप्रमुखांनी ठरवायचं आणि त्यांच्या वंशजांनी उपभोगायचं. जो आत जन्मला त्याचं सगळं, जो कामाला आला तो शंभर वर्षांनीही उपराच. आपल्याकडे गावकी-भावकीने काय काय केलंय हे माहीत असताना अशा व्यवस्थेचं नुसतं कौतुक करणं मला जड जातं. आणि बायकांचं काय? त्या वैरण कापत होत्या, गोठे सांभाळत होत्या. ठराव कोण करत होतं?

पाणवठा

सईताई, हा मुद्दा पूर्ण मान्य आहे आणि तो धाग्यात यायलाच हवा होता. कुंपण जमिनीला नव्हतं, माणसांना होतं. स्वित्झर्लंडमध्ये आजही दोन प्रकारची गावसंस्था आढळते: एक सर्व रहिवाशांची आणि दुसरी वंशपरंपरागत गावकऱ्यांची, जंगल आणि चराई बहुधा दुसरीकडे. ट्योर्बेलच्या नोंदी पाहिल्या तर तीच ती घराणी शतकानुशतकं दिसतात. हक्कदारांची संख्या आटोक्यात ठेवण्याची किंमत आतल्यांनीही मोजली. लग्नं उशिरा होत, आणि बरीच माणसं आयुष्यभर अविवाहित राहत, भावाच्या घरात राबत. १८ व्या शतकाच्या अखेरीपासून बटाट्याने पोटं भरायला लागली, लोकसंख्या वाढली, आणि जमीन तेवढीच. वरच्या वालिसमधून माणसं समुद्रापार गेली. अर्जेंटिनातल्या सान्ता फे प्रांतात सान हेरोनिमो नोर्ते हे गाव १८५८ मध्ये याच भागातल्या कुटुंबांनी वसवलं.

बायकांना मालमत्तेचा वाटा मिळत होता, मत मात्र नव्हतं. देशपातळीवर तो हक्क आला थेट १९७१ मध्ये. पण त्यातला एक धाडसी प्रसंग ट्योर्बेलच्या अगदी शेजारचा आहे. मूसआल्प ओलांडून ब्युर्खेनकडे उतरलं की पुढे उंटरबेख लागतं. १९५७ च्या मार्चमध्ये स्त्रियांवर नागरी संरक्षणाची सक्ती करायची की नाही यावर देशभर मतदान होतं, आणि मतदार फक्त पुरुष. उंटरबेखच्या ग्रामपंचायतीने ठरवलं की ज्यांच्यावर सक्ती होणार त्यांनी मत द्यायचं. काटारिना झेनहॉयझर्न यांनी मतपेटीत पहिली चिठ्ठी टाकली, आणि एकूण ३३ स्त्रियांनी मतदान केलं. त्यांची मतं मोजणीत धरली गेली नाहीत. तरी गावाने ते केलं. ज्या स्वायत्ततेने बाहेरच्यांना दार बंद केलं, तिच्याच बळावर हेही घडलं, म्हणून मी या व्यवस्थेला सरसकट नावं ठेवू शकत नाही.

सई_क

उंटरबेखची गोष्ट माहीत नव्हती. आभार. माझा आक्षेप कायम आहे, पण आता तो जास्त नेमका झालाय: हक्कदारांची मर्यादा हवी हे पटतं, ती फक्त जन्मावर ठरावी हे पटत नाही.

रानवाट

जंगलाचं वाटप कसं व्हायचं? लाकूड तर चोरीला सगळ्यात सोपं.

पाणवठा

वर्षातून एकदाच. तोडायची झाडं वनरक्षक खुणा करून देई. मग हक्कदार घरांच्या टोळ्या पडत, तोडणं, ओढणं, रचणं हे काम सारखं वाटून घेत आणि लाकडाच्या शक्य तितक्या सारख्या राशी रचत. त्यानंतर चिठ्ठ्या. कुणाला कोणती रास मिळणार हे रचताना ठाऊक नसल्यामुळे कुणी एक रास मोठी आणि दुसरी बारीक करायला जात नसे. उरलेल्या वर्षात तोड बंद.

चीजचंही असंच सुंदर. उन्हाळ्यात सगळ्यांच्या गाई एकत्र, दूध एकत्र, चीज करणारा माणूस पगारी. ठरलेल्या दिवशी प्रत्येकाच्या गाईचं दूध वेगळं मोजलं जाई, मालकाच्या समोर. हंगाम संपला की त्या मोजमापाच्या प्रमाणात चीज वाटलं जाई. आणि चराईची डागडुजी? वाटा दुरुस्त करणं, दरडीचे दगड वेचणं, शेण पसरणं, यासाठी प्रत्येकाने जितक्या गाई तितकं काम द्यायचं.

मेघमल्हार

गावात गेलात तर धान्याची कोठारं जरूर बघा. काळी पडलेली लार्चची लाकडं, सगळं कोठार लहान खांबांवर उभं, आणि प्रत्येक खांबाच्या डोक्यावर एक गोल चपटी शिळा. उंदीर खांब चढतो, पण शिळेच्या कडेला उलटा लटकून पुढे जाऊ शकत नाही. रायचा पावसुद्धा गावच्या सामायिक भट्टीत वर्षातून मोजक्या वेळा भाजत. भट्टी तापवायला लाकूड फार लागतं, म्हणून घरोघरच्या पाळ्या सलग लावत. पाव महिनोन्महिने टांगून ठेवायचे. इतके कडक होत की कापायला खास सुरी लागे.

अर्थबोध

आज तिथे किती शेती उरलीय? की आता फक्त संग्रहालय?

पाणवठा

पोटापुरती शेती केव्हाच संपली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला व्हिस्पला लोन्झाचा रासायनिक कारखाना उभा राहिला, आणि वरच्या गावांतले पुरुष पाळी संपवून घरी येऊन गवत कापायला लागले. कारखाना आणि शेत, दोन्ही. पुढच्या पिढ्यांनी फक्त कारखाना धरला. २००७ पासून ल्योट्शबेर्गच्या नव्या बोगद्यामुळे व्हिस्पहून बर्न तासाभराच्या अंतरावर आलं. रायची वावरं गवताखाली गेली. पण मूसआल्पवर उन्हाळ्यात गुरं दिसतात, पाट वाहतात, आणि गावातली जुनी घरं, कोठारं, भट्टी बघायला खुली ठेवलीत.

मला काळजी वाटते ती पाण्याची. हिमनद्या झपाट्याने आटतायत. कडक उन्हाळ्यात जास्त पाणी, हे जे गणित मेघमल्हार यांनी सांगितलं, ते हिमनदी आहे तोवरचं. ती गेली की कोरड्या ऑगस्टमध्ये पाट कोरडा. पाळ्या पुन्हा कडक कराव्या लागतील, आणि पाळ्या लावण्याची सवय ज्या गावांनी मोडली नाही त्यांना ते जमेल असं मला वाटतं.

डोंगरयात्री

पुढच्या जुलैत झ्युरिकला मुलीकडे जातोय. एका दिवसात जमेल का? गुडघे फार चढू देत नाहीत.

पाणवठा

काका, आरामात जमेल. झ्युरिकहून व्हिस्प थेट गाडीने साधारण दोन तास. तिथून झरमॅटच्या गाडीने स्टाल्डन आणि स्टाल्डनहून पिवळी पोस्टबस ट्योर्बेलपर्यंत वर चढते, गुडघ्यांना काही त्रास नाही. बसमध्ये डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंना बघत राहा, वळणागणिक द्राक्षवेली मागे पडतात आणि कुरणं सुरू होतात. जुलैत मूसआल्पचा रस्ता उघडा असतो, हिवाळ्यात ट्योर्बेलच्या बाजूने तो बर्फामुळे बंद होतो. वर पाटाच्या कडेने सपाट पायवाटा आहेत, पाणी ज्या उताराने वाहतं तोच उतार पायांना. बसचं परतीचं वेळापत्रक आदल्या रात्री बघून ठेवा, आणि पाण्याची बाटली व टोपी विसरू नका. त्या उतारावर ऊन चांगलंच लागतं.